वाचनालयाचं वायरचं ड्रिल: दुरुस्ती आणि मांडण्यांच्या कामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

आज कार्यकारिणीने मांडण्यांना मंजुरी दिली. पुढच्या खोलीत तीन भिंतींवर लोखंडी ब्रॅकेट आणि त्यांवर फळ्या. मागच्या कौलारू खोलीत जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांसाठी वाशांना टांगलेली एक लांब फळी. पुस्तकं सध्या जमिनीवर खोक्यांत आहेत. खालून वाळवी येते, पावसाळ्यात भिंतींतून ओल येते. आमच्या कुडाळ तालुक्यात पाऊस मिरगाच्या आसपास धरतो, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भिंतींतली सगळी भोकं पाडून झालेली हवीत.

नवीन ड्रिल घ्यायचं नाही, कारण एक आधीच आहे. एका मुंबईकर चाकरमान्याने घरचं काम संपल्यावर ते वाचनालयाला देऊन टाकलं. तेव्हापासून ते गावभर फिरतंय. कुणाच्या पंख्याचा हुक, कुणाच्या देवघराची फळी, कुणाच्या गोठ्यातला नळ. नेणारा ते परत आणून ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवतो आणि जातो. मशीनचं काय झालं, काय बिघडलं, हे कुणी सांगत नाही. त्यामुळे या वहीत दोन कामं एकत्र लिहीन: मांडण्या बसवणं, आणि हे ड्रिल कुणाच्याही हातात देता येईल असं करणं. मला दुसरं काम जास्त अवघड वाटतं.

ड्रिलच्या पाटीवर लिहिलेलं: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६०० वॉट, १३ मिलिमीटरचा चक (भोक पाडणारं बिट पकडणारा जबडा), मिनिटाला शून्य ते ३००० फेरे, मिनिटाला ४८,००० ठोके. म्हणजे एका फेऱ्याला १६ ठोके. दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात, त्याचे हे ठोके. त्यांत जोर फारसा नसतो. हे पुढे काँक्रीटच्या कामात आठवावं लागणार.

बैठकीत एकाने विचारलं, बॅटरीचं का नको? वर्षातले सहा महिने कपाटात पडून राहणाऱ्या आणि दहा हातांत फिरणाऱ्या मशीनला वायरच बरी. बॅटरी पडून पडून मरते, आणि नवीन बॅटरीची किंमत ऐकली की अख्खं मशीनच नवीन घ्यावंसं वाटतं. वायरच्या ड्रिलमध्ये वर्षानुवर्षं झिजणाऱ्या वस्तू मोजक्या: कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कांड्या), वायर, चक, स्विच, ग्रीस. सगळ्या बाजारात सुट्या मिळतात.

१३ एप्रिल

प्लग न लावता नुसती पाहणी. अण्णा सुतार आणि आयटीआयला जाणारी दोन मुलं हजर.

अण्णांनी प्लग उलटासुलटा करून पाहिला. "ह्येका तिसरी पिन नाय. मगे शॉक नाय लागूचो?"

प्रश्न रास्त आहे. पाटीवर एका चौकोनात दुसरा छोटा चौकोन आहे, ती दुहेरी इन्सुलेशनची खूण. तारेवर पहिला थर असतोच. त्याशिवाय प्लास्टिकचं कवच, आणि आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) दांड्याभोवती आणखी एक थर. एक थर फुटला तरी दुसरा उभा असतो, म्हणून अर्थिंगची तार मुद्दामच दिलेली नाही. अशा मशीनला कुणी हौसेने तीन तारांची वायर लावून तिसरी तार आत कुठेतरी स्क्रूला बांधली, तर सुरक्षा वाढत नाही, उलट इन्सुलेशनमध्ये नवी वाट उघडते. मात्र हे सगळं कवच अखंड आणि कोरडं असेपर्यंतच. आमच्या ड्रिलचं कवच मुठीखाली तडकलेलं नाही, हे उजेडात नीट पाहून घेतलं.

वायरची स्थिती वाईट. जिथे ती मुठीत शिरते तिथलं रबरी नळकांडं फाटलेलं, त्यावर काळी टेप गुंडाळलेली, टेपखाली एक तार उघडी. वायरीला धरून ड्रिल लटकवत नेल्याची ही खूण. प्लगही मूळचा नाही. मुलांपैकी एकाने सांगितलं की मध्ये बरेच दिवस प्लगच नव्हता, तारांची टोकं सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या ठोकायचे. "काडी लावली की चालता मशीन." चालतं खरं. हिसका बसला की त्यातली एक तार बाहेर येते आणि सॉकेटसमोर जिवंत लोंबत राहते.

मल्टीमीटरने प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजायला गेलो तर काहीच दाखवेना. मुलांना वाटलं मोटर गेली. ट्रिगरमध्ये वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक तुकडा असतो, तो मल्टीमीटरच्या बारीक व्होल्टेजला दारच उघडत नाही. त्यामुळे या जातीच्या ड्रिलची परीक्षा मल्टीमीटरने प्लगवरून होत नाही, आत जाऊन मोटरवर करावी लागते.

१८ एप्रिल

ड्रिल उघडलं. कवचाचे स्क्रू काढून अर्धा भाग अलगद वर घेतला. आतलं काही सुटं करण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवले, वायर कुठल्या खाचेतून जाते हे नंतर कधीच आठवत नाही.

आत भिंतीची पांढरी-तांबडी धूळ दाबून बसलेली. ती ब्रशने आणि फुंकणीने काढली, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावून, बाहेर पडवीत.

कार्बन: दोन्हींपैकी एक अगदी बुडाला आलेला, दुसरा थोडा बरा. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याखाली गेला की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, कार्बन थरथरतो आणि ठिणग्या वाढतात. ठिणग्यांकडे बघण्याची सवय मुलांना लावायची आहे. हवेच्या जाळ्यांतून दिसणाऱ्या बारीक निळसर ठिणग्या ठीक. कॉम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) ज्वाळेचं कडं फिरताना दिसलं, करपट वास आला, तर ट्रिगर सोडायचा आणि प्लग काढायचा. दोन्ही कार्बन नेहमी एकदमच बदलायचे. एकच बदलला तर नव्याजुन्यांचा दाब वेगवेगळा राहतो.

कॉम्युटेटरवर चॉकलेटी रंगाचा चकचकीत थर आहे. मुलगा लगेच एमरी पेपर घेऊन आला. थांबवलं. तो चॉकलेटी थर म्हणजे घाण नाही, कार्बनला घसरायला तीच गादी. खरखरीत काळे पट्टे किंवा चऱ्या पडल्या असत्या तर बारीक काचेचा पेपर चालला असता. एमरीची भुकटी पट्ट्यांमधल्या फटींत अडकते आणि तिथे रुतून बसते. आमच्याकडे नुसतं कोरड्या फडक्याने पुसणं पुरलं.

गिअरमधलं ग्रीस काळं आणि कडक झालेलं. जुनं पुसून लिथियम ग्रीस भरलं, पण ठासून नाही. जास्त भरलं तर ते तापून पातळ होतं आणि मोटरच्या बाजूला झिरपतं. तिथे ते धुळीत मिसळलं की कॉम्युटेटरची वाट लागते.

वायर पूर्ण नवी घातली: दोन तारांची, १ चौरस मिलिमीटरची, रबरी आवरणाची, नव्या नळकांड्यासकट. आत वायर दाबून धरणारी दोन स्क्रूंची पट्टी असते, ती नीट आवळली. कुठल्यातरी पूर्वीच्या दुरुस्तीत ती पट्टी फेकून वायरला आत गाठ मारलेली होती. गाठीवर ताण आला की तो सगळा जोडाच्या टोकांवर जातो.

कवच बंद करून प्लग लावला. कमी वेगात, बिट न लावता, थोडा वेळ नुसतं फिरवलं. नवे कार्बन कॉम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत ठिणग्या जरा जास्त होत्या, मग ओसरल्या.

संध्याकाळी वायरमन मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) घेऊन आले. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून त्या आणि चक यांच्यामध्ये ५०० व्होल्टवर मोजलं. काटा २०० मेगओहमच्या पलीकडे. २ मेगओहमच्या खाली आलं असतं तर मी हे मशीन भंगारात दिलं असतं.

१९ एप्रिल

मुलांनी विचारलं, ड्रिल दाबून थांबलं की जळतं, ते का? मोटर फिरते तेव्हा तिच्यातच उलट दिशेचा दाब तयार होतो आणि तो आत येणाऱ्या करंटला आवरून धरतो. फेरे कमी झाले की तो दाब उतरतो, करंट चढतो. आणि थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त होते नेमक्या त्याच वेळी वारा सर्वांत कमी. मोठं बिट घालून, ट्रिगर अर्धवट दाबून, सगळं अंग टाकून रेटणं म्हणजे वाइंडिंग (मोटरमधल्या तारांची गुंडाळी) भाजणं. यावर उपाय एकच: आवाज खाली बसू लागला की दाब कमी करायचा, बिट थोडं बाहेर घ्यायचं. मोठं भोक पाडून झालं की ड्रिल लगेच खाली ठेवायचं नाही, बिट बाहेर काढून पूर्ण वेगात थोडं मोकळं फिरू द्यायचं. हात लावून कवच गरम लागलं तर आणखी थोडा वेळ.

२६ एप्रिल

चक. याची चावी कधीच हरवलेली. लोकांनी हाताने, पक्कडीने, एकाने तर स्क्रूड्रायव्हर भोकात घालून आवळला असावा. तीनही भोकांचे दाते झिजलेत, आणि एक जबडा वाकडा झाल्यामुळे बिट फिरताना डुलतं. दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, नवा चक आणला.

जुना काढताना मुलांची गंमत झाली. जबडे पूर्ण उघडले की तळाशी एक स्क्रू दिसतो. तो उलट्या आट्यांचा, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. उलटं-सुलटं दोन्हीकडे फिरणाऱ्या ड्रिलचा चक फिरता फिरता सुटू नये म्हणून ही सोय. दोघंही बळ लावून त्याला आणखी आवळत होते. तो निघाल्यावर चक नेहमीच्या दिशेने सुटला. आटे अर्धा इंच, इंचाला २० चे. दुकानात जुना चक नेऊनच नवा घेतला.

नवी चावी दोरीने बांधली ती प्लगजवळ. ड्रिलच्या टोकाला बांधली तर लोक प्लग न काढता बिट बदलतात, आणि कधीतरी चावी चकमध्येच विसरून ट्रिगर दाबतात. ती चावी गोळीसारखी सुटते. प्लगजवळ बांधल्यावर चावी चकपर्यंत आणायची तर प्लग काढावाच लागतो. बाईंनी विचारलं, एवढ्याने लोक ऐकतील? दोरी आखूड आहे, ऐकावंच लागेल.

आवळताना तीनही भोकांत चावी फिरवायची. एकाच भोकात आवळलं तर जबडे तिरके बसतात आणि बिटाच्या बुडाला ओरखडे पडून ते घसरू लागतं.

१ मे

सुट्टी, सगळे मोकळे. भिंतींची पाहणी.

पुढच्या दोन भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, त्यांवर सिमेंटचा गिलावा. खिडक्यांवर आरसीसीची लिंटेल, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या आडव्या तुळया. वायरिंग अर्धं उघडं पट्टीतलं, अर्धं भिंतीत गाडलेलं. गाडलेल्या वायरिंगचा नकाशा कुणाकडे नाही, त्यामुळे सरळ नियम लावला: प्रत्येक बोर्डाच्या, सॉकेटच्या, पंख्याच्या रेग्युलेटरच्या बरोब्बर वर, खाली आणि आडवा जो पट्टा जातो, त्यात एकही भोक नाही. खडूने ते पट्टे भिंतीवर आखून टाकले. ब्रॅकेटच्या दोन जागा सरकवाव्या लागल्या. मागच्या भिंतीपलीकडे नळाची पाइप आहे, ती बाहेरून पाहून तिथेही खडू मारला.

न टेकवता वीज दाखवणारा टेस्टर एका मुलाने आणला होता. तो कधी कधी उपयोगी पडतो. पण नळीत खोल गाडलेल्या तारेबाबत तो गप्प बसला म्हणजे तार नाही, असं मी मानणार नाही.

खरी खबरदारी मेन बोर्डावर: ज्या भिंतीत काम, त्या खोलीची लाइन बंद, आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीच्या सर्किटवरून एक्स्टेंशनने. दुहेरी इन्सुलेशन तुम्हाला ड्रिलच्या आतल्या बिघाडापासून वाचवतं. भिंतीतल्या जिवंत तारेत बिट घुसलं तर वीज बिटातून चकमध्ये आणि गिअरच्या धातूच्या खोक्यात येते. म्हणून हात मुठीवर आणि बाजूच्या हँडलवरच, पुढच्या धातूच्या भागावर कधीच नाही.

वायरमनशी बोर्डावर वाद झाला. बोर्डात एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) आहेत, मग आणखी आरसीसीबी कशाला, असं त्यांचं म्हणणं. १० अँपिअरचा एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाच्या अंगातून काही दशांश अँपिअर गेले तरी त्याला ते कळतही नाही, आणि माणूस त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तोडतो. शेवटी ते मान्य झाले. खर्च बाईंनी किरकोळ दुरुस्तीच्या खात्यातून काढला.

४ मे

आरसीसीबी बसला. टेस्टचं बटण दाबलं, खटकन पडला. बटण कोण आणि कधी दाबणार? बाई, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी. वहीत रकाना आखला.

एक्स्टेंशनचं गणित मुलांकडून करून घेतलं. वाचनालयाचं जुनं रीळ ३० मीटरचं, तार ०.७५ चौरस मिलिमीटरची. जाऊन येऊन ६० मीटर, सुमारे दीड ओहम. ड्रिलला अडीच अँपिअर लागतात, म्हणजे चार व्होल्ट वाया, फार काही नाही. पण त्याच रिळावर कुणी २००० वॉटचा कटर लावला तर नऊ अँपिअरच्या आसपास, आणि गुंडाळलेल्या रिळात शंभर वॉटहून जास्त उष्णता. ते आतून वितळतं, बाहेरून कळत नाही. रीळ नेहमी पूर्ण उलगडून वापरायचं, आणि कटर या रिळाला लावायचा नाही असं त्यावरच रंगाने लिहिलं.

१० मे

लोखंडाचं काम पडवीत. ब्रॅकेटच्या पट्ट्या ५ मिलिमीटर जाडीच्या, भोकं ८ मिलिमीटरची.

आधी सेंटर पंचने खूण, नाहीतर बिट पट्टीवर नाचतं. मग ५ मिलिमीटरचं भोक, मग ८ चं. ठोक्यांचं बटण बंद; लोखंडावर ठोके दिले तर बिटाची धार क्षणात जाते. वेगासाठी वर्कशॉपमधलं सूत्र: साध्या पोलादाला मिनिटाला २५ मीटरचा कापण्याचा वेग धरला तर ५ च्या बिटाला साधारण १६०० फेरे, ८ च्या बिटाला १०००. ट्रिगरवर आकडे नसतात, पण अंदाज हाताला बसतो: सळसळीत वळलेला किस निघतोय आणि निळा पडत नाहीये, म्हणजे वेग बरोबर. भुकटी निघतेय आणि किंचाळतंय, म्हणजे एकतर वेग जास्त किंवा धार गेली. तेलाचे थेंब मधूनमधून.

मुलांनी पट्टी पायाखाली दाबून धरली, चपलेने. काम थांबवलं. बिट पट्टीच्या पलीकडे निघता निघता अडकतं आणि पट्टी गरकन फिरते; ती पट्टी पायाच्या घोट्याशी असते. वाइसमध्ये पकडली, जिथे वाइस पोचत नव्हता तिथे फळीवर दोन सी-क्लॅम्प. पलीकडे निघायच्या वेळी दाब हलका.

कपड्यांबद्दल इथे जरा लांबण लावतो, कारण आमच्याकडे ड्रिल हाती घेणारे निम्मे लोक लुंगीत असतात. फिरत्या बिटाजवळ लुंगीचं टोक, ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस, यांतलं काहीही नको. आणि हातमोजेही नकोत. हे लोकांना पटत नाही, हातमोजा म्हणजे सुरक्षाच असं वाटतं. बिटात हातमोजाचा धागा अडकला तर सगळा पंजा ओढला जातो. किस उचलताना मात्र मोजे घालावेत, तेव्हा ड्रिल बंद असतं. डोळ्यांवर चष्मा कायम. अण्णांनी आपला वाचायचा चष्मा पुरेल म्हणून सांगितलं. पुरत नाही, त्याच्या बाजू उघड्या असतात.

दुपारी वीज गेली, काम चालू असतानाच. ड्रिलच्या ट्रिगरवर लॉकचं बटण दाबलेलं होतं. मुलगा ड्रिल फळीवर ठेवून पाणी प्यायला निघाला. लगेच प्लग काढायला लावला, आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं: लॉक दाबलेलं असताना वीज परत आली की ड्रिल आपोआप सुरू होतं, फळीवर नाचत वायर गुंडाळून घेतं. आमच्या भागात वीज जाणं-येणं रोजचंच आहे, म्हणून हे बटण या ड्रिलवर वापरायचंच नाही. शक्य असतं तर ते काढूनच टाकलं असतं.

१५ मे

भिंतीची भोकं सुरू. जांभ्यात ड्रिल मारणं हे एक वेगळंच प्रकरण. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत टणक होत जातो, पण आत पोकळ्या असतातच. ठोक्यांचं बटण चालू करून घुसवलं की भोकाची कड ढासळते, ८ चं भोक १० चं होतं आणि गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकायची खुंटी) गोल फिरत राहते. म्हणून गिलावा ठोक्यांनी भेदायचा, चिऱ्यात शिरल्यावर ठोके बंद. सांध्यातल्या चुन्या-मातीत भोक घ्यायचं नाही, चिऱ्याच्या मध्यभागी घ्यायचं. गिट्टी लांब घ्यायची. जिथे पोकळी लागली तिथे भोक साफ करून सिमेंटची पेस्ट भरून बोल्ट बसवला आणि पुरतं सुकेपर्यंत हात लावला नाही.

बिटावर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळली. भोकाखाली दुमडलेला कागद चिकटवला, तांबडी धूळ त्यात पडते, बाईंचा अर्धा झाडू वाचतो. मास्क एन ९५. गिलाव्यातल्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती परत निघत नाही. सिलिकोसिस हा खाणीतल्या आणि दगडफोडीच्या कामगारांचा रोग याच धुळीचा. साध्या रुमालातून ती गाळली जात नाही.

मुलांनी मध्येच विचारलं, हे मशीन काढलं कुणी? विजेच्या ड्रिलचं पहिलं पेटंट १८८९ साली मेलबर्नमध्ये आर्नॉट आणि ब्रेन यांनी घेतलं. हातात धरायचं ड्रिल १८९५ साली जर्मनीत स्टुटगार्टला फाइन बंधूंनी केलं. पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर अमेरिकेतल्या ब्लॅक आणि डेकर यांच्या १९१७ च्या पेटंटमधून आले. त्याआधीची मशीनं छातीने रेटत असत. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचो बापूस कामठ्यान भोका पाडी." दोरी गुंडाळलेला धनुष्यासारखा तो ड्रिल त्यांच्या घरात अजून आहे, त्याला करंट लागत नाही.

१७ मे

लिंटेलमध्ये दोन भोकं. आमच्या ड्रिलने पहिलं भोक नखाएवढं खोल गेलं आणि तिथेच बिट घासत बसलं, टोक लाल व्हायची वेळ. काँक्रीटला या ठोक्यांचं काही वाटत नाही. कुडाळहून एसडीएस प्लसचा (खाचा असलेली बिटं घेणारा) रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणला. त्याच्या आत हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या असतो. ठोके संख्येने कितीतरी कमी, पण प्रत्येक ठोका खरोखर बसतो. रेटावं लागत नाही, नुसतं धरावं लागतं. पहिलं भोक चटकन झालं.

दुसऱ्या भोकात बिट थांबलं आणि आवाज बदलला, धातूचा किर्र आवाज. आत सळी. तिथे जोर लावायचा नाही. सळी कापली तर लिंटेल कमकुवत, आणि बिट अडकलं तर मशीन मनगट पिरगाळतं. भोक दोन इंच बाजूला घेतलं. दोन्ही मशीनांना बाजूचं हँडल लावलेलं होतं आणि पाय घट्ट. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून ड्रिल धरायचं नाही, म्हणून अण्णांनी दोन लाकडी घोड्यांवर (उंच तिवयांवर) फळी टाकली.

मागच्या खोलीत वाशांना वरच्या दिशेने भोकं पाडताना भुसा सरळ चकमध्ये आणि हवेच्या जाळ्यांत पडतो. अर्धा कापलेला रबरी चेंडू बिटात ओवून वाटीसारखा वर धरला. मुलांनीच सुचवलं.

२१ मे

कालपासून जोराचा पाऊस. वळीव म्हणावा तर थांबत नाही. अरबी समुद्रात कोकणाच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा तयार होतोय म्हणतात. पडवी ओली, त्यामुळे लोखंडाचं काम बंद. उरलेले ब्रॅकेट आतच, कोरड्या खोलीत. एक्स्टेंशनचा बोर्ड जमिनीवर न ठेवता खुर्चीवर.

२५ मे

मान्सून कोकणात दाखल झाल्याची घोषणा. मिरगाला अजून जवळजवळ दोन आठवडे होते. केरळात कालच, २४ तारखेला आला. पुढच्या खोलीतल्या सगळ्या मांडण्या बसल्या, एक सोडून. तिच्यामागच्या भिंतीत ओल उतरलेली दिसते. ओल्या भिंतीत बिट घालायचं नाही, ती मांडणी पावसाळ्यानंतर. खोक्यांतली पुस्तकं वर गेली.

३१ मे

ड्रिल बांधून ठेवण्याची तयारी. हवेच्या जाळ्यांतली धूळ ब्रशने काढली. चकमध्ये दोन थेंब तेल, जबडे उघडून मिटून. चक खाली तोंड करून पुसला, म्हणजे तेल मोटरकडे जाणार नाही. बिटं तेलाच्या फडक्यात. लोखंडाची बिटं परत घासून ११८ अंशांच्या टोकाला आणली. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या नसतील तर भोक मोठं पडतं. भिंतीच्या बिटाचं कार्बाइडचं टोक उडालेलं होतं, ते फेकलं. त्याला धार लावायला वेगळा हिरवा दगड लागतो, आणि नवीन बिट त्याहून स्वस्त पडतं.

वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळायची नाही, सैल वेटोळी करून सुतळीने बांधायची. ड्रिल कपाटात वरच्या खणात, फळीवर. ओल धरलेलं मशीन पावसाळ्यानंतर लगेच चालवायचं नाही. दोन-चार दिवस कोरड्या उन्हाळी हवेत, मग मेगर, मग प्लग.

वहीत देवघेवीचं पान आखलं: कोणी नेलं, कशात भोक, वायर आणि प्लग पाहिला का, चावी परत आली का, काही वेगळा आवाज किंवा वास आला का. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवलाय.

३ जून

पहिला गिऱ्हाईक आला. गोठ्यातला नळ बसवायचा आहे, आजच, पाऊस चालू असताना. बाईंनी पान उघडून विचारलं, भिंत कोरडी आहे का? तो हसला. गोठ्याची भिंत, जूनमध्ये. बाईंनी ड्रिल दिलं नाही.

"मगे हॅमर भाड्यान घेतंय," तो म्हणाला.

"हॅमराकपण करंटच लागता," बाई म्हणाल्या.

तो छिन्नी आणि हातोडा घेऊन गेला. तीही वाचनालयाचीच, त्यांची नोंद मागच्या पानावर केली.